'मॅकर' : एका जुन्या स्कॉट्स शब्दाचा अर्थप्रवास

स्कॉटलंडच्या मध्ययुगीन काव्याचा अभ्यास करणाऱ्याला 'मॅकर' ही संज्ञा टाळता येत नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिणाऱ्या रॉबर्ट हेन्रिसन, विल्यम डन्बार, गॅव्हिन डग्लस, डेव्हिड लिंडसे आदी कवींचा उल्लेख वाङ्मयेतिहासात 'मॅकर' अशा समूहवाचक नावानेच होतो. २००४ पासून स्कॉटलंडच्या राष्ट्रकवीलाही हेच पदनाम आहे. त्यामुळे हा शब्द आरंभापासून स्कॉटिश कवीचा, त्यातही त्याच्या राष्ट्रीय अस्मितेचा वाचक असावा, असा समज सहज होतो. जुने पाठ तपासले असता मात्र हा समज टिकत नाही. ज्या कवितेमुळे हा शब्द अजरामर झाला, त्या कवितेतच त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे.

प्रथम भाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. स्कॉट्स ही स्कॉटलंडमधील गेलिक भाषेहून सर्वस्वी वेगळी भाषा होय. गेलिक ही केल्टिक कुळातील. स्कॉट्स ही प्राचीन इंग्रजीच्या नॉर्थम्ब्रियन बोलीतून वाढलेली, म्हणजे इंग्रजीची सख्खी बहीण. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्या शतकापर्यंत ती स्कॉटलंडच्या दरबाराची, न्यायालयांची आणि काव्याची भाषा होती. या काळातील शब्दसंपत्तीचा बृहद्कोश, 'डिक्शनरी ऑफ दि ओल्डर स्कॉटिश टंग', १९३१ मध्ये प्रसिद्ध होऊ लागला आणि २००२ मध्ये बारा खंडांत पूर्ण झाला. १७०० पर्यंतच्या लिखित स्कॉट्सचा त्यात समावेश आहे.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने शब्द अगदी साधा आहे. 'मॅक' म्हणजे करणे, घडवणे, हा धातू. त्याला जुन्या स्कॉट्समधील कर्तृवाचक '-अर' प्रत्यय लागून 'मॅकर' होतो; इंग्रजीत त्याच्या जागी 'मेकर' आहे. अनेकवचनी '-इस' हा प्रत्यय लागतो, म्हणून 'मॅकरिस'. (देवनागरीत 'मकर' असे लिहिले तर उच्चार फारसा दूर जात नाही, परंतु मराठी वाचकाच्या मनात रास उभी राहील, कवी नाही.) जुन्या ग्रंथांत 'मॅकर' म्हणजे काहीही घडवणारा. वस्तू बनवणारा कारागीर मॅकर असू शकतो आणि सृष्टी निर्माण करणारा परमेश्वरही मॅकरच असतो. काव्यरचनेचा अर्थ या विस्तृत अर्थक्षेत्राचा एक कोपरा आहे. 'मॅक' या धातूचा 'पद्य रचणे' असा अर्थ रूढ होता आणि 'मेकिंग' या भाववाचक नामाचा अर्थ 'पद्यरचना' असा होता. मराठीत 'कवित्व करणे', 'अभंग करणे' असे म्हटले जाते, तेव्हा 'करणे' हा धातू जे काम करतो, तेच काम 'मॅक' तेथे करीत होता.

असे असले तरी हा प्रयोग केवळ स्कॉट्सचा नव्हता. चौदाव्या शतकातील इंग्रजीतही 'मेक' आणि 'मेकिंग' हे शब्द पद्यरचनेसाठी वापरले जात. लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन'मध्ये कवीला त्याच्या या 'मेकिंग'बद्दल टोचले जाते. चॉसरचे 'ट्रॉइलस अँड क्रिसेड' तर या बाबतीत फारच महत्त्वाचे आहे. काव्याच्या शेवटी चॉसर आपल्या ग्रंथाला निरोप देताना 'मेकिंग' आणि 'पोएसी' यांत स्पष्ट भेद करतो. ग्रंथाने इतर कोणाच्या 'मेकिंग'चा मत्सर करू नये. मात्र 'पोएसी'समोर नम्र व्हावे, आणि व्हर्जिल, ओव्हिड, होमर, ल्यूकन व स्टेशिअस ज्या पायऱ्यांवरून गेले त्या पायऱ्यांचे चुंबन घ्यावे, असा त्याचा उपदेश आहे. म्हणजे 'पोएट' हे बिरुद प्राचीन महाकवींचे. देशभाषेत, दरबारातील श्रोत्यांसाठी पद्य रचणारा तो 'मेकर'. ग्लेन्डिंग ओल्सन यांनी १९७९ मधील आपल्या निबंधात चॉसरकालीन या भेदाची चिकित्सा केली आहे. या भेदामुळे 'मेकर' हा शब्द हीन ठरत नाही. तो विनयाचा मात्र ठरतो. आपल्याच भाषेत लिहिणाऱ्याने स्वतःला कोणत्या पंक्तीत बसवावे, याचा संकोच त्या शब्दात आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून डन्बारच्या कवितेकडे वळता येते. 'लॅमेंट फॉर द मॅकरिस' या नावाने ओळखली जाणारी ही कविता सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आहे. १५०८ च्या सुमारास ती मुद्रितही झाली. स्कॉटलंडमध्ये मुद्रणाला सुरुवात झाली तोच हा काळ. कवितेचे प्रचलित शीर्षक उत्तरकालीन संपादकांनी दिलेले आहे. जुन्या पाठात ती डन्बारने आजारी असताना रचल्याची नोंद तेवढी आढळते. चार चरणांची पंचवीस कडवी आणि प्रत्येक कडव्याच्या अखेरीस मृतांसाठीच्या प्रार्थनेतून घेतलेले, मृत्यूभयाचा उच्चार करणारे लॅटिन पालुपद, अशी तिची रचना आहे. मृत्यू राजांना आणि सरदारांना नेतो, रणांगणावरील वीराला आणि महालातील स्त्रीला नेतो, मांत्रिक, ज्योतिषी, वक्तृत्वशास्त्री, तर्कशास्त्री, धर्मशास्त्री, वैद्य आणि शल्यवैद्य यांनाही सोडत नाही. या यादीत पुढे मॅकर येतात.

मॅकर येतात ते या 'इतरांमध्ये' येतात. त्यांच्या 'फॅकल्टी'लाही, म्हणजे विद्येला किंवा पेशालाही, सूट मिळालेली नाही, असे डन्बार नोंदवतो. वैद्यांनंतर लगेच कवींना उभे करण्यात एक सामाजिक विधान आहे: कवी हा विशिष्ट ज्ञान असलेला, विशिष्ट काम करणारा एक व्यावसायिक आहे. त्यानंतर नामावळी सुरू होते, आणि तिच्यातील पहिले नाव चॉसरचे आहे. डन्बार त्याला मॅकरांमधील फूल, म्हणजे सर्वश्रेष्ठ, म्हणतो. त्याच्या पाठोपाठ बरीच्या मठातील लिडगेट व गॉवर येतात. हे तिघेही इंग्लंडचे. त्यानंतर स्कॉटिश कवी: बार्बर, विंटन, हॉलंड, ब्लाइंड हॅरी, डन्फर्मलिनचा हेन्रिसन, रौल नावाचे दोघे, आणि अखेरीस मरणशय्येवर असलेला वॉल्टर केनेडी. वीसहून अधिक नावांची ही यादी आहे. त्यांतील काहींची एक ओळही आज उपलब्ध नाही. ते केवळ डन्बारच्या शोकामुळे इतिहासात उरले आहेत.

तेव्हा डन्बारच्या लेखी 'मॅकर' हा राष्ट्रवाचक शब्द नाही. 'द गोल्डन टार्ज' या कवितेतही तो चॉसरची स्तुती 'आपल्या इंग्रजी'चा प्रकाश म्हणून करतो. आपली भाषा त्याच्या दृष्टीने 'इंग्लिस'च आहे. लोलंड भाषेला आग्रहाने 'स्कॉटिस' म्हणणारा ठळक कवी गॅव्हिन डग्लस होय. १५१३ मध्ये पूर्ण केलेल्या 'ईनिअड'च्या अनुवादाच्या प्रस्तावनेत तो दक्षिणेकडील भाषेपासून स्वतःला वेगळे काढतो. गंमत अशी, की भाषेबाबत एवढा जागरूक असलेला हाच डग्लस चॉसरचा उल्लेख करताना 'पोएट' हा शब्द वापरतो. चॉसरने प्राचीनांसाठी राखून ठेवलेले बिरुद शतकभरात चॉसरलाच मिळाले. देशभाषेतील कवीचा संकोच ओसरू लागल्याची ही खूण मानता येईल.

'मॅकर'ची प्रतिष्ठा नेमकी कळण्यासाठी त्याच्या शेजारचा दुसरा शब्द पाहिला पाहिजे: 'बार्ड'. गेलिक परंपरेतून स्कॉट्समध्ये आलेला हा शब्द पंधराव्या-सोळाव्या शतकांत जवळजवळ शिवीच होता. १४४९ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने बळजबरीने पाहुणचार उकळणारे, वेड्याचे सोंग घेणारे आणि गावोगाव भटकणारे यांच्याविरुद्ध कायदा केला, त्यात 'बार्ड' याच पंगतीत बसवलेले आहेत. डन्बार आणि केनेडी यांच्यातील 'फ्लायटिंग' प्रसिद्ध आहे. फ्लायटिंग म्हणजे दोन कवींनी दरबारात एकमेकांची पद्यातून केलेली निर्भर्त्सना. सवालजवाबांची परंपरा असलेल्या मराठी वाचकाला तिची कल्पना करणे कठीण जाऊ नये, मात्र तिच्यातील शिव्यांचा भरणा त्यालाही थक्क करील. या सामन्यात डन्बार केनेडीला 'आयरिश बार्ड' म्हणून हिणवतो. केनेडी कॅरिक भागातील उच्च घराण्यातला. त्या प्रदेशात गेलिक बोलली जात असे. तो उलट बजावतो, की हीच भाषा सर्व खऱ्या स्कॉटिश जनांची असायला हवी. याच केनेडीसाठी डन्बार पुढे हळहळला आणि त्याला मॅकरांच्या यादीत त्याने स्थान दिले. एकाच माणसाला भांडताना बार्ड आणि शोक करताना मॅकर म्हणणे, यात दोन शब्दांमधील अंतर जितके दिसते तितके कोणत्याही कोशात दिसणार नाही.

येथे एका प्रचलित मताचा विचार केला पाहिजे. 'मॅकर म्हणजे घडवणारा. म्हणून मध्ययुगीन स्कॉटिश कवी काव्याला प्रेरणेऐवजी कारागिरी मानत असत', असे विधान टीकाग्रंथांत वारंवार आढळते. निष्कर्ष चुकीचा नाही, पण तो ज्या आधारावर उभा केला जातो तो आधार कच्चा आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'कवी' हा शब्द उच्चारताना कोणी द्रष्ट्याचा विचार करीत नाही. त्याचप्रमाणे 'मॅकर' हा रोजच्या वापरातील शब्द उच्चारताना दरवेळी सुतार-लोहार डोळ्यांसमोर येत असतील असे मानण्याचे कारण नाही. कारागिरीची जाणीव सिद्ध करायची तर तिचा पुरावा शब्दाच्या बाहेर शोधला पाहिजे, आणि तो सापडतो.

डन्बार हा चौथ्या जेम्सचा वेतनभोगी सेवक होता. १५०० मध्ये त्याला वार्षिक १० पौंडांची नेमणूक मिळाली. १५०७ मध्ये ती २० पौंड आणि १५१० मध्ये ८० पौंड झाली. त्याच्या कवितांतील मोठा भाग राजाकडे केलेल्या अर्जांचा आहे. त्यांतील एका अर्जकवितेत तो राजाच्या सेवकांची मोठी यादी देतो: धर्मगुरू, वैद्य, दरबारी, सुतार, गवंडी, जहाजे बांधणारे, नाणी पाडणारे, मुद्रक, चित्रकार, औषधे तयार करणारे. हे सर्व आपापल्या कौशल्याच्या बळावर वेतनास पात्र आहेत, हे तो मान्य करतो. मग तो स्वतःचा दावा पुढे ठेवतो. त्या यादीत आपण शोभत नसू, तरीही आपली कृती त्यांच्या कोणत्याही कृतीइतकीच टिकेल. तिच्यातील रूप, विषय आणि द्रव्य यांना झीज, गंज वा कीड लागणार नाही. गंज आणि कीड हे शब्द धातूकाम आणि लाकूडकाम करणाऱ्यांच्या जगातले आहेत. काव्य चिरंतन असते हा विचार हॉरेसपासून चालत आलेला आहे. डन्बारने तो कारखान्यात नेला, आणि तोही पगारवाढीच्या अर्जात. 'मॅकर' या शब्दातून जो अर्थ ओढून काढला जातो, तो या कवितेत तो शब्द न वापरताही उघडपणे उपस्थित आहे.

विद्वानांनी शब्दाच्या व्युत्पत्तीकडे जाणीवपूर्वक पाहिले ते पुढे, प्रबोधनकाळात. पटनमने १५८९ मध्ये आपल्या काव्यशास्त्राचा प्रारंभच 'कवी म्हणजे मेकर' या समीकरणाने केला. फिलिप सिडनीच्या १५९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डिफेन्स ऑफ पोएसी'त, ग्रीक 'पोइएइन' म्हणजे करणे, या धातूपासून 'पोएट' शब्द झाला आणि इंग्रजांनी कवीला 'मेकर' म्हणून ग्रीकांशी कसा मेळ साधला, याबद्दल आनंद व्यक्त केला आहे. सिडनीचा 'मेकर' मात्र कारागीर नव्हे. तो निसर्गात नसलेली सृष्टी निर्माण करतो. परमेश्वराच्या अर्थछटेशी त्याचे नाते जोडले जाते. कवीला प्रजापती मानणारे संस्कृत साहित्यशास्त्र परिचित असलेल्या वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. स्कॉटलंडमध्ये त्याच सुमारास, १५८४ मध्ये, सहाव्या जेम्सने स्कॉट्स काव्याचे नियम सांगणारा छोटा प्रबंध प्रसिद्ध केला. ज्या पुस्तकात तो आला त्याच्या शीर्षकात राजा स्वतःला काव्याच्या 'दैवी कलेतील' 'उमेदवार' म्हणवतो. कारागिराकडे काम शिकणारा उमेदवार आणि दैवी कला, असे दोन्ही पक्ष एकाच शीर्षकात नांदताना दिसतात. पण शब्द 'पोएट' आहे, 'मॅकर' नाही.

१६०३ मध्ये हाच जेम्स इंग्लंडचा राजा होऊन लंडनला गेला. दरबार गेला आणि दरबारी काव्याचा आश्रय सुटला. पुढे १७०७ मध्ये पार्लमेंटही गेले. लिखित स्कॉट्स इंग्रजीकडे झुकत गेली आणि कवी या अर्थाचा 'मॅकर' वापरातून जवळजवळ लोपला. तो वाचला तो हस्तलिखितामुळे. एडिंबरामधील जॉर्ज बॅनटाइन नावाच्या एका तरुणाने १५६८ मध्ये, प्लेगच्या साथीच्या काळात, जुन्या कवितांचा प्रचंड संग्रह उतरून काढला. त्या हस्तलिखितावरून ॲलन रॅम्झीने १७२४ मध्ये 'द एव्हर ग्रीन' हा संग्रह छापला, आणि डन्बारची विलापिका पुन्हा वाचकांसमोर आली. रॅम्झीने तीत स्वतः रचलेली काही कडवी जोडली. त्यांत डन्बारच्या तोंडी भविष्यवाणी घातली आहे, की दोनशे वर्षांनी एक मुलगा जन्मेल आणि तो आपली कीर्ती पुनरुज्जीवित करील. तो मुलगा अर्थातच रॅम्झी स्वतः! पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही उघड लबाडी आहे. तरीही जिवंत परंपरेचा वारस म्हणून स्वतःचे नाव विलापिकेत घुसवण्याचा हा मोह समजण्यासारखा आहे; प्रक्षेपांचा इतिहास पाहता, संपादक नेहमीच एवढ्या उघडपणे सही करीत नाहीत.

अठराव्या शतकात शब्दांच्या प्रतिष्ठेची अदलाबदल झाली. टॉमस ग्रेची 'द बार्ड' ही कविता १७५७ मध्ये आली. १७६० नंतर मॅकफर्सनच्या 'ऑसिअन'ने युरोप भारून टाकला. पूर्वी कायद्याने हाकलला जाणारा बार्ड आता उदात्त, वन्य आणि भविष्यवेत्ता ठरला. १७८७ मध्ये एडिंबरात फ्रीमेसनांच्या सभेत रॉबर्ट बर्न्सच्या सन्मानार्थ 'कॅलिडोनियाचा बार्ड' म्हणून प्याले उंचावले गेले, आणि त्याला त्यात गौरवच वाटला. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हा अर्थोत्कर्ष होय.

'मॅकर'चे पुनरुज्जीवन विसाव्या शतकाचे आहे, आणि ते निखळ वाङ्मयीन नाही. १९२०च्या दशकात ह्यू मॅकडिअर्मिडने स्कॉटिश प्रबोधनाची हाक देताना बर्न्सऐवजी डन्बारला आदर्श मानण्याचा आग्रह धरला. बर्न्सच्या नावाने चाललेला भाबडा, ग्रामीण भावुकपणा त्याला नको होता. डन्बारचे युरोपीय भान व भाषाप्रभुत्व हवे होते. याच सुमारास अभ्यासकांना 'स्कॉटिश चॉसरियन' हे जुने लेबल खटकू लागले होते. त्या लेबलात हेन्रिसन, डन्बार हे चॉसरचे अनुयायी ठरत. हेन्रिसनचे 'टेस्टामेंट ऑफ क्रेसिड' तर १५३२ मध्ये छापलेल्या चॉसरच्या समग्र साहित्यातच समाविष्ट झाले होते. या लेबलाच्या जागी 'मॅकर' आले. १९४७ मध्ये एडिंबरातील 'मॅकर्स क्लब'ने स्कॉट्सच्या लेखनासाठी नियमपत्रक मान्य केले, तेव्हा हा शब्द हयात कवींनीही स्वीकारलेला होता. त्या पिढीतील एक प्रमुख स्कॉट्स कवी सिडनी गुडसर स्मिथ याचा जन्म न्यूझीलंडमध्ये झाला होता, ही गोष्ट राष्ट्रीय व्याख्यांना थोडी अडचणीची आहे.

हा बदल न्याय्य होता. परक्या कवीच्या नावाने एका संपूर्ण कालखंडाला ओळखणे अयोग्यच होते. पण त्याची किंमतही मोजावी लागली. ज्या शब्दाने डन्बारने चॉसरला आपल्यात ओढून घेतले, त्याच शब्दाने वाङ्मयेतिहासकारांनी चॉसरला बाहेर ठेवले. मध्ययुगात सीमेच्या दोन्ही बाजूंना असलेला शब्द एका बाजूचा झाला. शिवाय बार्बर (ज्याचे 'ब्रूस' १३७५ च्या सुमारासचे) आणि लिंडसे यांच्यात दीडशे वर्षांहून अधिक अंतर आहे; एकाच नावाखाली त्यांना गोळा केल्याने, नसलेला संप्रदाय असल्याचा भास होतो. वाङ्मयेतिहासातील समूहनामांचा हा नेहमीचाच धोका आहे; 'संतकवी', 'पंतकवी' या वर्गवाऱ्यांशी झुंजणाऱ्या मराठी अभ्यासकाला तो नव्याने सांगण्याची गरज नाही.

२००४ मध्ये एडविन मॉर्गन यांची पहिले राष्ट्रीय 'मॅकर' म्हणून नियुक्ती झाली. त्यांच्यानंतर २०११ मध्ये लिझ लॉकहेड, २०१६ मध्ये जॅकी के आणि २०२१ मध्ये कॅथलीन जेमी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये या पदावर पीटर मॅके यांची निवड झाली. ते गेलिकमध्ये लिहितात आणि हे पद मिळालेले पहिले गेलिक कवी आहेत. ज्या भाषेवरून डन्बारने केनेडीला बार्ड म्हणून हिणवले, त्या भाषेचा कवी आज अधिकृत मॅकर आहे.

मराठी अनुवादकासाठी हा शब्द अवघड आहे. डन्बारची विलापिका अनुवादताना 'मॅकर'साठी 'कवी' घेतला तर वैद्य-ज्योतिष्यांच्या पंगतीतील पेशाचा अर्थ हरवतो. 'रचनाकार' घेतला तर आधुनिक समीक्षेचा कोरडेपणा येतो. 'शाहीर' घेतला तर डफ वाजू लागतो आणि कवी दरबारातून फडात जातो. 'कवित्व करणारे' असा विग्रह केल्यास अर्थ बराच साधतो, छंद मात्र मोडतो. सिडनीच्या संदर्भात 'स्रष्टा' चालेल, डन्बारच्या संदर्भात तो फारच मोठा आहे. विसाव्या शतकातील प्रयोगांत मूळ शब्दच ठेवणे इष्ट, कारण तेथे तो अर्थापेक्षा नाव म्हणून अधिक वापरला जातो. म्हणजे एकाच शब्दाला तीन काळांत तीन प्रतिशब्द द्यावे लागतात, आणि अनुवादाच्या तळटिपेत का द्यावे लागले तेही सांगावे लागते.